शेवंतामावशीच्या ताब्यातलं अंगण

"ह्या बाईकडं नोटीस घेऊन यायचं म्हणजे घरूनच चहा पिऊन निघायला पाहिजे," ग्रामसेवक शिपायाला म्हणाले आणि रिकामी कपबशी त्यांनी बाजेखाली सरकवली.

आवाज दबका होता, पण मी लिंबाच्या खोडापलीकडेच पुस्तक उघडून बसले होते. पुस्तकात डोकं घातलेल्या मुलीला काही ऐकू येत नाही, असा आमच्या गावात समज आहे. मी तो कधी मोडून काढला नाही.

एवढ्यात शेवंतामावशी पदराला हात पुसत घरातून बाहेर आली. ग्रामसेवकांनी नोटीस पुढे केली. तिने ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

"तुमीच वाचा की भाऊसायेब. माझा चष्मा सापडंना."

चष्मा तिच्या कपाळावर होता. भाऊसाहेब वाचू लागले. "आपण ग्रामपंचायतीच्या मालकीच्या खुल्या जागेवर अतिक्रमण केले असून..."

"थांबा, थांबा. केलं म्हंजे? कुठं जाऊन केलं मी? लगीन होऊन आले तवापासनं मी हितंच हाय. मधी जरा बाजाराला गेलते, तेवढंच."

शिपाई फिस्सकन हसला. भाऊसाहेबही हसले, मग आपण कामावर आहोत हे आठवून त्यांनी घसा साफ केला आणि पुढचं वाचलं. जागा मुदतीत मोकळी करून द्यावी, अन्यथा ग्रामपंचायत ती ताब्यात घेईल आणि त्याचा खर्च संबंधितांकडून वसूल करील.

"म्हंजे मला उठवायचा खरच बी मीच द्यायचा?" मावशीने खऱ्याखुऱ्या कौतुकाने विचारलं. "ज्यानं लिवलंय ते मानूस लई हुशार दिसतंय. त्याला बी आना एकदा चहाला."

सिरसाळ्याच्या अलीकडे, रस्त्यालगत आमचं गाव. 'आमचं' म्हणते, पण आम्ही तिथले नव्हतो. आई आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, तिची बदली झाली म्हणून आम्ही तिथे भाड्याने राहायला आलो. मी अंबाजोगाईला इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉलेज केलं आणि तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीविषयी गावाला बरेच प्रश्न असतात. मी त्या प्रश्नांना घाबरून दाराबाहेर पडत नसे.

बाहेर पडले ती मोबाईलच्या रेंजमुळे. आमच्या घरात रेंज नव्हती. गच्चीवर होती, पण तिथे ऊन. समोर शेवंतामावशीच्या अंगणात लिंबाखाली मात्र रेंज होती आणि सावलीही. पहिल्या दिवशी मी अंगणाच्या कडेला, जवळजवळ रस्त्यातच, फोन धरून उभी होते. बाजेवरून आवाज आला.

"ए पोरी, तिथं कावून हुभी? ट्रकखाली जायचंय का? हिकडं ये. झाडाच्या ह्या अंगाला लई भारी रेंज येती, माझा लेक आला की हितंच बसतो."

मी आत आले, बसले आणि म्हणाले, "धन्यवाद."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खो खो हसत सुटली. "धन्यवाद! आगं माय, भाषण हाय का काय? बस गुमान."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिथे माझ्यासाठी एक पोतं अंथरलेलं होतं. काही दिवसांनी पोत्याच्या जागी सतरंजी आली. मी बोलत नाही याचा तिला काही त्रास नव्हता. दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलायची, मधूनच "व्हय का न्हाई?" असं विचारायची आणि मी मान हलवायच्या आधीच पुढे जायची.

मावशी दिवसा घरात बसायची नाही. स्वयंपाक उरकला की ती आणि तिची बाज, दोघी अंगणात. बाज सावलीबरोबर फिरायची. सकाळी रस्त्याच्या बाजूला, दुपारी खोडाला चिकटून, संध्याकाळी घराच्या भिंतीशी. बाज ओढताना ती कुणाची मदत घेत नसे. "मला सगळीकडं बसाया लागतं," म्हणायची, "न्हाईतर हिकडच्या कोपऱ्याला वाटंल, म्हातारी आपल्याला इसरली." त्या बाजेवर बसून ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची. हाक मारलेला माणूस थांबला की तो कुणाचा कोण हे काढल्याशिवाय त्याची सुटका नसे. दोन वाक्यांत ती त्याच्याशी नातं जोडायची. एकदा फिरता भांडेवाला आला होता, त्यालाही तिने आपल्या माहेरकडचा ठरवून टाकला. तो बिचारा राजस्थानचा होता.

आता जागेचं सांगते. मावशीचं घर बौद्धवस्तीच्या तोंडाशी होतं. पूर्वी तो गावाचा मागचा भाग, तिकडे कुणी फिरकत नसे. मग रस्ता रुंद झाला, एसटी तिथेच थांबायला लागली, आणि गावाची मागची बाजू एकदम दर्शनी झाली. "आमाला गावाच्या भायेर बसवलं व्हतं," मावशी सांगायची. "आता आमच्या म्होरं बसायला समद्यांची भांडणं लागली." घर तिच्या नावावर होतं. घरापुढचं ऐसपैस अंगण मात्र कुणाच्याच नावावर नव्हतं. सासऱ्याच्या काळापासून ते या घराच्या वापरात होतं, एवढंच. ग्रामपंचायतीला तिथे दुकानांचे गाळे बांधायचे होते. गाळे झाले असते तर मावशीच्या दारापुढे माणूस आडवा जाईल एवढी बोळ उरली असती आणि समोर दुकानांच्या पाठी.

तिचा लेक पुण्याला कंपनीत होता. तो फोनवर सारखा म्हणायचा, आई, सोड ती जागा आणि इकडे ये. ती एकदा जाऊन आली होती. "फ्लॅट चांगला हाय," तिने मला सांगितलं, "पन दाराम्होरं दुसऱ्याचं दार हाय गं. आन् ते बी लावल्यालं. मानसानं यावं कसं?" मग जरा थांबून म्हणाली, "हितनं उठले की मला तिथंच जावं लागंल बघ." एवढंच. तिच्या बोलण्यात ते एकदाच आलं, पण नोटिशीचा विषय निघाला की मला ते लावलेलं दार आठवायचं.

गाळ्यांच्या बेतामागे होते दत्ताअण्णा. सरपंच त्यांच्या पत्नी होत्या, पण गाव अण्णांनाच सरपंच म्हणायचं आणि अण्णाही त्या हाकेला ओ द्यायचे. माणूस वाईट नव्हता. धिप्पाड, गडगडाटी हसणारा, कुणाच्याही मयताला आधी पोचणारा. शेवंतामावशीला तो "मावशे" म्हणायचा, ती त्याला "अण्णा" म्हणायची, आणि दोघं एकमेकांना हसत हसत पेचात पकडायचे.

"मावशे, गावाचा विकास अडवू नको."

"मी कुठं अडवते? मी तर बसलीय. येऊ द्या की तेला. बसंल माझ्याशेजारी."

एका सकाळी अण्णांनी न सांगता जेसीबी पाठवला. मी खिडकीतून पाहिलं. मावशी बाजेवर होती. जेसीबी घरघरत अंगणाच्या कडेला येऊन थांबला. आता ही आडवी पडणार, माणसं जमणार, व्हिडिओ निघणार, असं मला वाटलं. ती उठली, चालकाच्या केबिनपाशी गेली आणि वर बघत ओरडली, "कुठला रे तू?"

"दिंद्रुडचा," तो वरून ओरडला.

"दिंद्रुडचा? आन् मला आता सांगतो व्हय? ते यंत्र बंद कर आदी, ऐकू येईना. दिंद्रुडला माझी सख्खी नणंद दिलीय!"

यंत्र बंद झालं. थोड्या वेळाने मी पाहिलं तेव्हा चालक बाजेवर बसून भाकरी आणि खरडा खात होता आणि मावशी त्याला त्याच्या आजोबांच्या लग्नाची हकीकत ऐकवत होती. ती खरी होती की तिथल्या तिथे रचलेली, देव जाणे. जेवून झाल्यावर त्याने अण्णांना फोन लावला. पहिल्या वाक्याला तो चाचरला, दुसऱ्यापासून सुधारला. "सायेब, डिझेल लागलं संपायला. आन् पाईप बी लीक मारतोय. आज न्हाई जमायचं." पलीकडून अण्णा काय म्हणाले ते मला खिडकीतही ऐकू आलं, कारण त्याची सुरुवातच "काय बे" अशी होती.

उन्हाळ्यात ते अंगण कुणाचं असा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. तेव्हा ते सगळ्या बायकांचं असायचं. दिवसभर ऊन मिळणारी एवढी मोठी, सारवलेली जागा दुसरीकडे नव्हती. वस्तीतल्या आणि गावातल्या बायका तिथे साड्या अंथरून कुरडया, पापड, सांडगे वाळत घालायच्या. गावातल्या म्हणजे अगदी सगळ्या आळ्यांतल्या. सुरुवातीला त्या जरा बिचकत आल्या होत्या म्हणे. मग कुणाची तरी कुरडई इथे वाळून दुधासारखी पांढरी झाली आणि बाकीचा विचार मागे पडला. नियम एकच होता. अंगणात पाय ठेवायचा तर चपला बाहेर. खाण्याच्या वस्तूंमधून चपला घालून कोण फिरू देईल? मावशी लहानथोर पाहायची नाही. पोस्टमन असो की पाहुणा, कडेलाच हाळी बसायची, "पायातलं काढा!" हळूहळू गावाच्या पायांनाच सवय लागली. वाळवण असो, नसो, माणूस अंगणाच्या कडेला आला की चपला आपोआप गळून पडायच्या.

एका दुपारी अण्णा काही निरोप द्यायला आले होते. कडेला त्यांनी आपल्या करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला काढल्या, जोडीने लावल्या, आत आले, बोलले, गेले. ते गेल्यावर मावशी त्यांच्या चपला होत्या त्या जागेकडे बघत राहिली.

"माझा सासरा," ती म्हणाली, "अण्णाच्या आज्याच्या घरावरनं जायचा, तर चपला हातात घेऊन जायचा. पायात घालून गेलेलं चालत नव्हतं. मी बगितलं न्हाई, सासूनं सांगितलं." मग एकाएकी तिला हसू फुटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आन् आता हा सोताच्या हातानं काढून जोडीनं लावतो. म्या त्याला कदी जातपात काढून बोलले न्हाई हां. कुरडया हायत, येवढंच म्हनले व्हते!"

मी हसले. तिला माझं हसणं बहुतेक पहिल्यांदाच ऐकू आलं असावं. तिने पाठीत एक धपका घातला.

आई मात्र मला बजावत असे. "तिकडे बस, अभ्यास कर, पण त्या भानगडीत एक अक्षर बोलू नकोस. आपण भाडेकरू. मला याच लोकांत नोकरी करायची आहे." मला न बोलण्याची सूचना द्यावी लागते याची गंमत वाटायची. मी कुणाशी काय बोलणार होते? फोनवर अनोळखी माणूस असला तरी मला घाम फुटायचा. शाळेत इंग्रजीत गप्प बसायला शिकले, गावात मराठीत.

शेवटी प्रकरण तहसीलपर्यंत गेलं आणि जागेची पाहणी करायला मंडळ अधिकारी येणार असं कळलं. त्यांनी येऊन पंचनामा करायचा, म्हणजे जागा प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आहे ते पाहून गावातल्या साक्षीदारांसमोर लिहून घ्यायचं. त्या कागदावर पुढचा निकाल अवलंबून होता. अण्णांनी तयारी केली होती. आदल्या दिवशी घरोघरी निरोप गेले की उद्या कुणी तिथे वाळवण घालायचं नाही, साहेब लोक येणार आहेत, जागा मोकळी दिसली पाहिजे. बायका अण्णांना नाही म्हणू शकत नव्हत्या. ऐन उन्हाळ्यात त्या दिवशी अंगणात एक कुरडई नव्हती. मावशीने नेहमीसारखं झाडलं, सडा टाकला आणि कोऱ्या अंगणाकडे बघून म्हणाली, "बाजार उठल्यासारखं वाटतंय."

मंडळ अधिकारी म्हणजे एक बाई निघाल्या. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या, पायात बूट, खांद्याला पिशवी. जीपमधून उतरल्या त्या सरळ अंगणात चालत आल्या आणि मध्यभागी उभ्या राहून त्यांनी कागद उघडला. मागून अण्णा, ग्रामसेवक, शिपाई आणि बरंचसं गाव. अण्णा सांगू लागले, "मॅडम, ही सगळी खुली जागा. कुणाचा ताबा न्हाई. बघा की, मोकळं रान पडलंय."

मॅडमनी लिहायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांचं लक्ष अण्णांच्या पायांकडे गेलं. मग ग्रामसेवकांच्या. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. अंगणाच्या कडेला चपलांची लांबलचक रांग लागली होती. देवळाबाहेर असते तशी. सगळ्यात पुढे, जोडीने लावलेल्या, अण्णांच्या कोल्हापुरी.

"तुम्ही सगळ्यांनी चपला का काढल्यात?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत. वाळवण नव्हतं. कुणी हाळी घातली नव्हती. शेवटी शिपायाला राहवलं नाही.

"मॅडम, मावशीचं अंगन हाय ना," तो म्हणाला. एवढंही कळत नाही का, असा त्याचा सूर होता.

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा जमाव हसला. ग्रामसेवक तोंडावर कागद धरून हसले. मॅडमही हसल्या, आणि त्यांनी अवघडून एकदा आपल्या बुटांकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा लाल झाला, पण शेवटी तेही आपलं गडगडाटी हसलेच. मावशी तेवढी हसली नाही. ती अण्णांना म्हणाली, "उन्हात पाय भाजतेल. सावलीत या."

मला वाटलं, झालं. पण मॅडमनी पेन पुन्हा उघडलं. "हे ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण चपला काढल्या असं मला लिहिता येणार नाही. जागा यांच्या ताब्यात आहे असं कुणी सांगत असेल तर त्याने पुढे यावं. नाव लिहीन, सही घेईन. घरच्यांपैकी नको, शेजारचं कुणीतरी."

हसू विरलं. अण्णा आता हसत नव्हते, ते एकेकाकडे बघत होते. ज्यांच्या कुरडया वर्षानुवर्षं इथे वाळल्या त्या बायका एकमेकींच्या मागे सरकल्या. त्यांना दोष तरी कसा देऊ? कुणाच्या घरकुलाचा अर्ज अडकलेला, कुणाचा मुलगा अण्णांच्या ट्रॅक्टरवर. वस्तीतली माणसं पुढे आली, तर अण्णा म्हणाले, "मॅडम, हे समदे भावकीतले, घरचेच समजा." मॅडमनी वस्तीतल्या माणसांना थांबायला सांगितलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. गाळे झाले, पण पंचायतीच्या कार्यालयामागे, आणि तिथे अण्णांनी स्वतः हार्डवेअरचं दुकान टाकलं. अंगण कागदावर मावशीच्या नावाने लागायची वाट अजून पाहावी लागते आहे, पण तिला कुणी उठवलेलं नाही. आईची बदली झाली, तीही नेहमीच्या क्रमानेच, आम्हाला भीती होती तशी अण्णांच्या रागातून नाही. मी आता संभाजीनगरला नोकरी करते. मावशी अधूनमधून फोन करते आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलते. दिंद्रुडच्या त्या चालकाचं लग्न तिनेच जमवलं.

पण मला मावशी दिसते ती त्या दुपारची. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या, गाव खाली बघत होतं, आणि दिवसभर तोंड न मिटणारी ही बाई एक शब्द बोलली नाही. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. तू नव्हतास का रे, तुझ्या नव्हत्या का गं, असं ती कुणालाही म्हणू शकली असती. तसं न करता ती वळली आणि सगळ्यांकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पदराचं टोक मुठीत, मान ताठ. ती जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत असावी असंच कुणालाही वाटलं असतं. मला खोडाशेजारून तिचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि ती काहीच बघत नव्हती. गप्प बसणाऱ्या कुणालाही तिची नजर चुकवावी लागू नये, म्हणून ती तशी उभी होती.

गर्दीच्या पलीकडे उपकेंद्राच्या पांढऱ्या साडीत आई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, नाही म्हणून नाही आणि हो म्हणूनही नाही.

मी सतरंजीवरून उठले. दोन पावलं पुढे आले. मॅडमनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि अण्णा म्हणाले, "हिचं काय? ही पोरगी बोलत न्हाई."

"जागा शेवंतामावशींच्या ताब्यात आहे," मी म्हणाले. "मी समोर राहते, रोज बघते. माझं नाव लिहा."